रिपोर्टमध्ये जंतूचं नाव बदललं, म्हणजे जंतूही बदलला का?

वडिलांच्या लघवीच्या कल्चरमध्ये गेल्या वर्षी 'एन्टेरोबॅक्टर एरोजेन्स' होता, यंदा दुसऱ्या लॅबने 'क्लेब्सिएला एरोजेन्स' लिहिलंय, हा नवा जंतू का, असं तुम्ही विचारलंय. नाही. दोन्ही नावं एकाच जंतूची आहेत. मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते, आणि हा प्रश्न आम्हाला डॉक्टरही फोन करून विचारतात.

जनुकं तपासल्यावर हा गडी क्लेब्सिएलाच्या घरातला निघाला आणि २०१७ मध्ये नाव बदललं. शंका जुनीच होती. १९७१ मध्येच त्याला 'क्लेब्सिएला मोबिलिस' म्हणावं असं सुचवलं गेलं होतं. मोबिलिस म्हणजे हलणारा. त्याच घरातला क्लेब्सिएला न्यूमोनिए हलत नाही: मऊ अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) नळीत सरळ सुईने टोचला की दुसऱ्या दिवशी टोचलेल्या रेषेवरच वाढलेला दिसतो. हा मात्र रेष सोडून पसरतो आणि सगळी नळी गढूळ करतो. त्यामुळे शिकाऊ मुलं हमखास विचारतात, "मॅडम, हलतोय, मग क्लेब्सिएला कसा?"

खरी गोम औषधाची आहे. नाव बदललं तरी खोड एन्टेरोबॅक्टरचीच राहिली. त्याच्या गुणसूत्रातच अँपसी नावाच्या, काही अँटिबायोटिक्स तोडणाऱ्या एन्झाइमचं जनुक असतं. सुरुवातीला सेफ्ट्रायक्झोन हे अँटिबायोटिक इंजेक्शन 'सेन्सिटिव्ह', म्हणजे लागू पडणारं दिसतं, पण औषध चालू असताना जंतू ते एन्झाइम भरपूर बनवू लागू शकतो आणि मग औषध लागू पडत नाही. आमच्याकडे एका नव्या डॉक्टरांनी 'क्लेब्सिएला' एवढंच वाचून तेच इंजेक्शन चालू ठेवलं. पुढच्या कल्चरमध्ये 'रेझिस्टंट' आलं. तेव्हापासून आम्ही रिपोर्टखाली जुनं नावही छापतो.

सगळीच नावं इतकी घोळाची नसतात. जुलाब करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचं २०१६ मध्ये 'क्लॉस्ट्रिडिऑइडिस' केलं, तेव्हा 'सी. डिफ' हे बोलीतलं नाव टिकेल याची काळजी घेतली. प्लेगच्या जंतूचं तर शास्त्राप्रमाणे बदलायला हवं होतं, कारण तो यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिसचाच एक प्रकार. पण नव्या नावाने लॅबमध्ये घोटाळा झाला तर जीव जाईल म्हणून १९८५ मध्ये ते फेटाळलं. मला हा निर्णय फार आवडतो.

आणि जुनं नाव लिहिणारी लॅब चुकली असंही नाही. नियमाप्रमाणे रीतसर प्रसिद्ध झालेलं जुनं नावही वैध राहतं. सॉफ्टवेअरमधली यादी कधी अपडेट झाली, एवढाच बरेचदा फरक.

तुम्ही दोन्ही रिपोर्ट सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. नावाखालचा सेन्सिटिव्हिटीचा तक्ता शेजारी शेजारी धरून बघायला सांगा, आणि गेल्या वर्षी कुठलं अँटिबायोटिक किती दिवस दिलं होतं, तेही आठवून सांगा.