लोकसंख्येतले 'लोक' मुळात कोण?

प्रश्न असा आला आहे : "मराठीत 'लोकसंख्या' म्हणावे की 'जनसंख्या'? दोन्हींत काही फरक आहे का? निबंधात 'लोकसंख्या वाढ' लिहू की 'जनसंख्या वृद्धी'? आणि 'लोकसंख्या विस्फोट' हा प्रयोग शुद्ध आहे का?"

शेवटचे आधी उरकतो, कारण ते ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. मराठीत होतो तो स्फोट. 'विस्फोट' हिंदीतून पाहुणा आला आणि बातम्या देणाऱ्यांनी त्याला कायमचे बिऱ्हाड दिले. जुन्या वैद्यकग्रंथांत विस्फोट म्हणजे अंगावर उठणारे फोड. आपला 'फोड'सुद्धा स्फोटाचाच वंशज. तेव्हा 'लोकसंख्येचा विस्फोट' वाचून कुणी लोकसंख्येला गळू झाले असे समजला, तर दोष त्याचा नाही.

बरे, 'स्फोट' तरी चपखल आहे का? जगाची लोकसंख्या 100 कोटींवर पोचली 1804 च्या आसपास. 200 कोटी व्हायला 1927 उजाडले. मग 1960 ला 300 आणि 1974 ला 400. इथवर स्फोट म्हणा, माझी हरकत नाही. पण पुढची साले 1987, 1999, 2011 आणि 2022. दर शंभर कोटींना अकरा ते तेरा वर्षे, घड्याळ लावून. स्फोट असा हप्त्याहप्त्याने होत नसतो.

याच्या उलट टोकाचा घोटाळा म्हणजे 'लोकसंख्या घटली' हा मथळा. खाली बातमी वाचावी तर घटलेला असतो वाढीचा दर. 1960 च्या दशकात जगाचा वार्षिक दर 2 टक्क्यांच्या वर होता, आता तो 1 टक्क्याच्या खाली आहे. पण 300 कोटींचे 2 टक्के म्हणजे 6 कोटी, आणि 800 कोटींचे 0.9 टक्के म्हणजे 7.2 कोटी. दर निम्म्याहून कमी झाला तरी भर जास्तच पडते आहे. घाटात गाडीचा वेग कमी केला म्हणून ती मागे जात नाही, एवढे मथळा देणाऱ्याला कळायला हवे. आणि परवा तर एका निवेदिकेच्या तोंडून 'उपाशी लोकसंख्येने सीमा ओलांडली' असे ऐकले. अहो, संख्या कशी उपाशी राहील? लोक उपाशी असतात, सीमाही लोकच ओलांडतात. संख्या कागदावर बसून असते.

आता मुद्द्यावर येतो. 'संख्या' या शब्दात माझा जीव रमत नाही. सम् अधिक ख्या, म्हणजे नीट सगळे सांगणे. ख्याती आणि आख्यान त्याच घरचे. खरी गंमत 'लोक' या शब्दात आहे.

लोक म्हणजे माणसे हा अर्थ सगळ्यांत धाकटा. त्याच्या आधीचा अर्थ जग : त्रिलोक, परलोक, इहलोक. आणि त्याच्याही आधीचा अर्थ आहे मोकळी जागा. ऋग्वेदात सहाव्या मंडलात (6.47.8) इंद्राला विनवले आहे, 'उरुं नो लोकमनु नेषि विद्वान्' : तू जाणता आहेस, आम्हाला ऐसपैस मोकळ्या जागेकडे ने. तिथे 'लोक'चा अर्थ माणसे लावून बघा, ऋचा कोसळते. आणि लगेच पुढचे शब्द कोणते? 'स्वर्वज्ज्योतिरभयं स्वस्ति'. सूर्यप्रकाश, अभय, कुशल. मोकळ्या जागेला खेटून उजेड आलाच. वेदात हा शब्द बरेचदा 'उ लोक' असा येतो. तो 'उरु लोक'चा घासून उरलेला अवशेष आहे, असे एक मत आहे. ते सगळ्यांना मान्य नाही, मला आहे.

या शब्दाची भावंडे दूरदूर पसरली आहेत. लिथुआनियन भाषेत 'लाउकास' म्हणजे शेत, मोकळे रान. इंग्रजीत ज्या गावांच्या नावाअखेरी 'ली' येते, त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी जुना अर्थ जंगल तोडून काढलेली जागा. लॅटिनमध्ये 'लूकुस' म्हणजे देवराई. रोमन व्याकरणकारांना कोडे पडले की राई तर अंधारी, मग तिचे नाव उजेडावरून कसे? त्यांनी खुशाल ठरवून टाकले की तिथे उजेड नसतो म्हणूनच! व्युत्पत्तीच्या इतिहासात याहून मोठा विनोद मला माहीत नाही. साधी गोष्ट त्यांना सुचली नाही : गर्द झाडीत मधेच जिथे झाडे नाहीत, तिथे ऊन जमिनीपर्यंत पोचते. ती उजेडाची जागा म्हणजे लोक. आपला 'रुच्' धातू, प्रकाशणे, याच कुळातला. एखादी गोष्ट आपल्याला रुचते, म्हणजे मुळात ती आपल्यापुढे उजळते.

यावर परंपरेचे अभिमानी लगेच धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, काढून दाखवतात : 'लोकृ दर्शने'. लोक म्हणजे जे दिसते ते. अवलोकन, विलोकन पाहा! पाहिले. धातुपाठाबद्दल मला आदर आहे, पण घोडा गाडीपुढे बांधावा एवढाच माझा आग्रह आहे. आधी उजेड, मग दिसणे. अंधारात कुणी कशाचे अवलोकन केले आहे? 'दिसणे' या अर्थावर जे थांबतात, त्यांना ऋग्वेदातली ती मोकळी, रुंद जागा समजावून सांगता येत नाही. एका परिसंवादात मी हे बोललो, तेव्हा एक विद्वान म्हणाले, "हे पाश्चात्त्यांचे खूळ." ऋग्वेद पाश्चात्त्यांनी लिहिला असे त्यांना म्हणायचे होते का, ते विचारायचे राहून गेले.

तर बघा, शब्दाचा प्रवास कसा झाला. आधी झाडीतली उघडी जागा. मग ती जागा म्हणजेच आपले जग. मग त्या जगात राहणारी माणसे. माणसाच्या वाढीचा सगळा इतिहास या एका शब्दाने चालून दाखवला आहे. झाडे तोडायची, ऊन जमिनीवर आणायचे, धान्य पेरायचे, त्यावर आणखी माणसे पोसायची, त्यांच्यासाठी आणखी झाडे तोडायची. गेल्या दहा हजार वर्षांत पृथ्वीवरच्या जंगलांपैकी साधारण एक तृतीयांश असे 'लोक' होऊन गेले. राहण्याजोग्या जमिनीपैकी जवळजवळ निम्मी आज शेती आणि चराई यांच्याखाली आहे. 2015 ते 2020 या काळातही वर्षाला सुमारे 1 कोटी हेक्टर जंगल तुटत होते, आणि त्यातले बहुतेक शेतीसाठीच.

इथे माझा लाडका सिद्धान्त येतो, तो ऐकून घ्या. 'जन' आला जन् या धातूवरून, म्हणजे जन्मणे. जनसंख्या म्हणजे किती जन्मले. लोकसंख्या म्हणजे जागेच्या हिशेबाने किती. एक शब्द पाळण्यात डोकावतो, दुसरा जमीन मोजतो. पृथ्वीवरची सगळी जमीन, बर्फ आणि वाळवंटे धरून, सुमारे 1,490 कोटी हेक्टर. 1950 मध्ये माणसे 250 कोटी होती, म्हणजे माणशी सहा हेक्टरांच्या आसपास. आज दोनसुद्धा नाहीत. जुन्या अर्थाचा लोक नव्या अर्थाच्या लोकांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला हा एवढा.

पण वाटा सारखा कुठे आहे? लोकसंख्येवर बोलणारे बहुतेक जण फक्त पाळणे मोजतात. नायजरमध्ये एका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुले होतात, आणि तिथून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड वर्षाला माणशी 0.1 टनाच्या आगेमागे. अमेरिकेत एका बाईला सरासरी दोनहून कमी मुले, आणि माणशी सुमारे 14 टन. 'जन' मोजला तर बोट नायजरकडे जाते; कोण किती जागा, किती हवा व्यापून बसला आहे ते मोजले तर ते दुसरीकडेच वळते. 1798 मध्ये इंग्रज अर्थशास्त्रज्ञ माल्थसने माणसे भूमितीश्रेणीने आणि अन्न गणितीश्रेणीने वाढते असे मांडले, तेव्हापासून ही पाळण्यांची मोजदाद चालू आहे. अन्नाच्या बाबतीत त्याचा अंदाज चुकला. हवेतला नायट्रोजन खतात आणण्याची युक्ती त्याच्या वेळी कुणाच्या स्वप्नात नव्हती.

माझ्या सिद्धान्ताला एक अडचण आहे आणि ती मराठीनेच घातली आहे. आपण मोजताना 'जन'चेच मराठी रूप 'जण' वापरतो : पाच जण आले, तिघी जणी बसल्या. 'पाच लोक आले' हे अलीकडचे, आणि माझ्या कानाला खुपणारे. एक जण म्हणता येते. एका माणसाला 'एक लोक' कुणी म्हणत नाही. 'चार लोकांत हसे झाले' यातले चार हे काही मोजलेले चार नव्हेत. म्हणजे मोजता येतो तो जण, आणि लोक हा न मोजलेला जमाव. मग संख्या जोडायची तर ती 'जना'ला जोडायला हवी होती! हा आक्षेप माझ्या एका विद्यार्थिनीने घेतला आणि मला दोन दिवस उत्तर सुचले नाही. नंतर सुचले ते असे : डोकी मोजायची तेव्हा जण लागतात, पण एवढ्या जागेत एवढा जमाव हे सांगायचे तेव्हा लोकच हवेत. तिला ते पटले नाही. पोरगी हुशार आहे.

माझ्या बाजूचे साक्षीदारही आहेत. 'गावची वस्ती दोन हजारांची' असे जुनी माणसे म्हणत. वस्ती म्हणजे वसण्याची जागा. गुजरातीत आजही लोकसंख्येला वसती म्हणतात. उर्दूतली 'आबादी' वसलेल्या, लागवडीखालच्या जागेवरून आली. त्याच शब्दाचे मराठीत 'आबादीआबाद' झाले, म्हणजे भरभराट. हात कमी आणि जमीन उदंड असण्याच्या काळात माणसे वाढली की लोक खूश होत, हे या शब्दाने जपून ठेवले आहे. आणि जनगणनेचा जुना शब्द 'खानेसुमारी'! ती खाणाऱ्या तोंडांची मोजणी असे एका मार्गदर्शक पुस्तिकेत छापलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. फारसीत 'खाना' म्हणजे घर. दवाखाना, कारखाना यांतला तोच. खानेसुमारी म्हणजे घरमोजणी. भारताच्या जनगणनेची पहिली फेरी आजही घरयादीचीच असते, म्हणजे शब्द हद्दपार झाला तरी काम तेच चालू आहे. पर्यावरणाचा विचार करणाऱ्यांना तर हाच शब्द परत आणावासा वाटायला हवा. कुटुंबे लहान होत गेल्यामुळे कित्येक देशांत घरे माणसांपेक्षा वेगाने वाढत आहेत, आणि चार माणसे दोन घरांत राहिली की छपरे दोन, चुली दोन, फ्रिज दोन.

हां, प्रश्न. मराठीत लोकसंख्या म्हणा. जनसंख्या चूक नाही, पण ती हिंदीच्या अंगणातली; इथे तिची गरज नाही. 'जनगणना' मात्र रुळला आहे, तो राहू दे. 'वृद्धी' निबंधात घातली तर गुण वाढत नाहीत, साधी 'वाढ' पुरते. फक्त ती तुम्ही तोडून लिहिली आहे, ती जोडा : लोकसंख्यावाढ.