घर तारण ठेवून रेसिंग टीमचा आणखी एक हंगाम चालवावा का?

पत्र लिहिणारे गृहस्थ सिंगल-सीटर, म्हणजे एकाच माणसाच्या रेसिंग गाड्यांची छोटी टीम चालवतात. दोन गाड्या, सहा पगारी माणसं, भाड्याचं वर्कशॉप, एक ट्रक. त्यांच्याकडे ड्रायव्हर गाडीतल्या जागेसाठी, म्हणजे सीटसाठी, टीमला पैसे देतो. पुढच्या हंगामासाठी एक ड्रायव्हर पक्का झाला आहे, दुसरी सीट रिकामी आहे. मुख्य प्रायोजकाने तोंडी होकार दिलाय, कागद अजून आलेला नाही. राहतं घर कर्जमुक्त आहे आणि पत्नीच्या व त्यांच्या नावावर आहे. बँक त्या घरावर कर्ज द्यायला तयार आहे. 'एवढा हंगाम निघाला की सगळं मार्गी लागेल, तर कर्ज घ्यावं का?' असं त्यांनी विचारलं आहे.

माझं उत्तर नाही असं आहे. टीम बंद करा, असं मात्र मी म्हणत नाही. या दोन्हींच्या मधला एक मार्ग तुमच्या आकड्यांतच दिसतो.

तुम्ही पाठवलेले आकडे सोयीसाठी शंभरात मांडतो. दोन गाड्यांचा पूर्ण हंगाम म्हणजे १००. पक्क्या ड्रायव्हरकडून ३५ आणि लहान प्रायोजकांच्या सही झालेल्या करारांतून १० मिळून ४५ येणार. उरलेले ५५ तुम्ही बँकेकडून घ्यायचं म्हणता. दुसऱ्या सीटचे ३० आणि मुख्य प्रायोजकाचे २५ आले की त्यातून कर्ज फेडायचं, असा हिशोब. पण टायरवाल्याची आणि इंजिन बांधणाऱ्याची गेल्या हंगामाची १२ ची थकबाकी तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिली आहे. ती फेडल्याशिवाय पहिल्या टेस्टला इंजिन मिळणार नाही. म्हणजे खड्डा ५५ चा नाही, ६७ चा आहे. घर पूर्ण अडकवूनही तो भरत नाही. शिवाय अपघाताची तरतूद या आकड्यांत कुठेच दिसत नाही.

आता त्या तोंडी होकाराबद्दल. या धंद्यात 'हो' आणि 'सही' यांच्यामध्ये टीमच्या टीम बुडाल्या आहेत. फॉर्म्युला वनमधला टीममालक एडी जॉर्डन काही नवखा माणूस नव्हता, त्याच्या टीमने ग्रांप्री शर्यती जिंकल्या होत्या. व्होडाफोनच्या माणसाने प्रायोजकत्वाचा सौदा तुम्हालाच मिळाला असं फोनवर सांगितलं, असा त्याचा दावा होता. व्होडाफोनचं नाव मात्र फेरारीच्या गाडीवर लागलं. जॉर्डन लंडनच्या कोर्टात गेला आणि २००३ मध्ये त्याच्या पदरी अपयश आलं. २००५ च्या सुरुवातीला त्याने टीम विकली. सुपर अगुरी या फॉर्म्युला वनमधल्याच छोट्या टीमचं दुःख याहून मोठं, कारण त्यांच्याकडे जाहीर झालेला प्रायोजक होता. २००७ मध्ये मॉन्ट्रियलच्या शर्यतीत त्यांच्या ताकुमा सातोने फर्नांडो अलोन्सोच्या मॅकलारेनला मागे टाकून सहावा क्रमांक मिळवला, आणि त्याच वर्षी प्रायोजकाचे पैसे आले नाहीत. मे २००८ मध्ये टीम बंद पडली.

तुम्ही लिहिता की यंदा गाडी वेगवान आहे, निकाल आले की पैसाही येईल. तुमची ही भावना मला कळते, आणि गाडी वेगवान असेल यावर माझा विश्वासही आहे. पण निकालांनी रोकड येते हे गृहीतक मला मान्य नाही. फोर्स इंडिया २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षं फॉर्म्युला वनच्या कन्स्ट्रक्टर्स यादीत, म्हणजे टीमच्या क्रमवारीत, चौथी होती. त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त पैसा असलेल्या टीम त्यांच्या मागे होत्या. तरी जुलै २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ती प्रक्रिया सुरू करणारा अर्ज खुद्द त्यांच्या ड्रायव्हरने, सर्जिओ पेरेझने केला होता. त्याचेच पैसे थकले होते, आणि कुणीतरी दुकानाला टाळं लावण्याआधी टीम वाचावी हा त्याचा हेतू होता. नवे मालक मिळाले, चारशेच्या वर नोकऱ्या वाचल्या, पण त्या हंगामात कमावलेले ५९ गुण गेले.

बक्षिसाच्या रकमेवर हिशोब बांधणं त्याहून धोक्याचं. मॅनर ही छोटी टीम २०१६ मध्ये पास्कल वेरलाइनने ऑस्ट्रियात मिळवलेल्या एका गुणावर दहाव्या स्थानी होती. ते स्थान म्हणजे पुढच्या वर्षीचा बक्षिसाचा मोठा हप्ता. हंगाम संपायला एक शर्यत उरली असताना, ब्राझीलच्या धो धो पावसात सॉबर या प्रतिस्पर्धी टीमचा फेलिपे नासर नववा आला, सॉबरला दोन गुण मिळाले आणि मॅनर अकरावी झाली. जानेवारी २०१७ मध्ये टीम दिवाळखोरीत गेली. मॅनरने त्या दिवशी काही चूक केली नव्हती. दुसऱ्याच्या गाडीचा निकाल तुमच्या घराच्या हप्त्याशी जोडायचा का, हा प्रश्न मी तुम्हाला आणि तुमच्या पत्नीला दोघांनाही विचारतो आहे.

ब्रॉन जीपीचं उदाहरण तुम्ही दिलंत. होंडाकडून एका पौंडाला घेतलेली ही टीम २००९ मध्ये फॉर्म्युला वनची ड्रायव्हर आणि टीम अशी दोन्ही विजेतेपदं जिंकली, हे खरं. पण होंडाने बाहेर पडताना त्या हंगामाच्या खर्चाचा फार मोठा वाटा उचलला होता, गाडी आधीच्या पूर्ण वर्षभर प्रचंड पैसा ओतून तयार झाली होती, ड्रायव्हर जेन्सन बटनने मानधनात मोठी कपात स्वीकारली होती आणि शेकडो माणसांना कामावरून कमी केलं गेलं. घर गहाण टाकण्याच्या बाजूने ते उदाहरण उभं राहत नाही. दुसऱ्याने दिलेला पैसा आणि निर्दयपणे कापलेला खर्च यांवर ती टीम उभी राहिली.

आता एका गाडीचा विचार करू. खर्च निम्मा होत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे: वर्कशॉपचं भाडं तेच, ट्रक तोच, रेस इंजिनीयर एकच. तुमच्या तपशिलावरून एका गाडीचा हंगाम साधारण ६० मध्ये बसतो, त्यात अपघाताची थोडी तरतूदही धरता येते. जुनी देणी धरून ७२ लागतील. हातात ४५ आहेत. दुसरी गाडी आणि तिचे सुटे भाग विकून २० येतील, असं तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे तूट ७ ची. इंजिनवाल्याशी बोलून थकबाकीचा निम्मा भाग हंगामभराच्या हप्त्यांत फिरवला, आणि शर्यती नसलेल्या आठवड्यांत हौशी मालकांच्या गाड्यांची देखभाल घेतली, तर ही तूट भरून निघू शकते. ६७ चा खड्डा असा भरत नाही.

गाडी विकायची असेल तर वेळ महत्त्वाची. एकाच बनावटीच्या गाड्यांच्या मालिकांमध्ये चासी, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, ठरावीक वर्षांनी बदलते. फॉर्म्युला टूमध्ये २०१८ साली आलेली डलारा कंपनीची चासी २०२४ मध्ये बदलली. नव्या चासीची घोषणा झाली की जुनीला गिऱ्हाईक उरत नाही. तुमच्या मालिकेत बदलाची कुणकुण असेल तर २० चे १० व्हायला वेळ लागणार नाही.

त्याआधी दोन गोष्टी तपासा. मालिकेचे नियम एका गाडीच्या टीमला परवानगी देतात का, आणि पक्क्या ड्रायव्हरच्या करारात दुसऱ्या गाडीचा उल्लेख आहे का. डेटाची तुलना करता यावी म्हणून बऱ्याच ड्रायव्हरांना जोडीदार हवा असतो. त्यांच्या घरच्यांना स्वतःहून सांगा. त्यांचे ३५ हप्त्यांनी येणार आहेत, म्हणून आलेला हप्ता पुढच्या शर्यतींवरच खर्च करा, मागची थकबाकी त्यातून फेडू नका. अपघातात मोडलेल्या भागांचा खर्च कोणाचा, हे करारात स्पष्ट लिहून घ्या आणि अनामत आधी घ्या.

रिकामी सीट भरण्याच्या घाईत एकाच जागेसाठी दोघांकडून पैसे घेण्याचा मोह होतो. सॉबरने २०१५ साठी करार असलेल्या गीडो व्हान डर गार्ड या ड्रायव्हरला बाजूला ठेवून दुसऱ्या दोघांना गाड्या दिल्या. प्रकरण मेलबर्नच्या कोर्टात गेलं, निकाल त्याच्या बाजूने लागला आणि पहिल्याच शर्यतीच्या तोंडावर टीमला त्याच्याशी तडजोडीच्या वाटाघाटी कराव्या लागल्या. हा मार्ग धरू नका.

मुख्य प्रायोजकाला आजच पत्र लिहा. प्रवेशशुल्क भरण्याच्या सहा आठवडे आधीची तारीख द्या: तोवर सही आणि पहिला हप्ता आला तर दुसरी गाडी ठेवू, नाहीतर विकू. ही तारीख पुढे ढकलू नका. करार झाला तर त्या येण्याच्या आधारावर छोटं खेळतं भांडवल बँकेकडून मागता येईल, त्याला माझी हरकत नाही. सही झालेलं येणं किंवा विकता येणारी वस्तू तारण ठेवून कर्ज घ्या. तुमचं वय ५२ आहे, निवृत्तीसाठी या घराशिवाय दुसरं काही नाही. ते यात घालू नका. पुरवठादारांना याआधी कुठे वैयक्तिक हमी लिहून दिली आहे का, तेही जुन्या कागदांत शोधा. तशी हमी असेल तर घर थोडंफार आधीच अडकलेलं आहे, आणि ती देणी सर्वात आधी फेडायची.

टीम चालू असताना विकणं हाही मार्ग आहे. मिनार्डी या फॉर्म्युला वनमधल्या छोट्या टीमने वीस वर्षं बहुतेक यादीच्या तळाशी काढली. मालक पॉल स्टॉडर्टने ती २००५ मध्ये चालत्या स्थितीत रेड बुलला विकली. वर्कशॉप इटलीतल्या फाएन्झातच राहिलं, टोरो रोसो हे नवं नाव लागलं, आणि २००८ मध्ये सेबास्टियन फेटलने मोंझाला त्या टीमसाठी शर्यत जिंकली. चालत्या टीमला माणसांची, अनुभवाची आणि प्रवेशाच्या हक्काची किंमत मिळते. लिलावात फक्त सामानाची मिळते, आणि तीही पडेल.

सहा माणसांपैकी कोणाला दुसऱ्या गाडीबरोबर जावं लागणार असेल, तर त्यांना ती तारीख आत्ताच सांगा. इतर टीमची भरती हंगामाच्या आधी होते, नंतर त्यांना वर्षभर जागा मिळणार नाही.