कॅनडाला निघण्याआधी फ्रेंच लिहायला बस

भावा, तुझा निरोप दोनदा वाचला. 21 पॅरा एसएफमधली, म्हणजे लष्कराच्या विशेष दलातली 17 वर्षं पुरी होतायत, संयुक्त राष्ट्रांच्या मिशनवर काँगोतल्या गोम्यात काढलेल्या वर्षात फ्रेंच आणि स्वाहिली बोलायला आली, आता पेन्शन घेऊन कोल्हापूर सोडू का, आणि एसएफच्या अनुभवावर कॅनडात काय मिळेल, असं विचारलंयस.

त्या अनुभवावर सिक्युरिटी गार्डचं काम मिळतं. ओंटारिओत त्यालाही लायसन्स लागतं, 40 तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा आपल्यालाही चुकत नाही. मी दोन हिवाळे रात्रपाळी केली. एसएफच्या बलिदान बॅजचं मोल इथल्या मॅनेजरला कळेल अशी आशा धरू नकोस, जीव तुटतो.

तुझी खरी कमाई भाषा आहे. एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे कॅनडात स्थायिक व्हायच्या गुणांच्या पद्धतीत, तिशीनंतर दरवर्षी वयाचे गुण घटतात, 45 ला शून्य. पण फ्रेंचच्या चारही भागांत एनसीएलसी (कॅनडाची फ्रेंच मोजायची पट्टी) 7 आणि इंग्रजीत किमान पातळी 5 असेल, तर 50 गुण जादा मिळतात. मात्र चौकीवरची फ्रेंच टीईएफ या फ्रेंचच्या परीक्षेला पुरत नाही. ऐकणं-बोलणं मला सोपं गेलं, लिहिताना घाम फुटला. सुटीवर आलास की रंकाळ्यावर जा खुशाल, पण रोज एक पान लिहून मग जा.

भाषेवरच मी इथं दुभाष्या झालो. माझं पहिलं काम दवाखान्यातलं, काँगोहून आलेल्या एका गरोदर बाईसाठी. नियम असा, की तिचं बोलणं ‘मी’ म्हणूनच सांगायचं. ती ‘म्गोंगो’ म्हणाली, म्हणजे पाठ. मी डॉक्टरांना सांगितलं, ‘‘माझी पाठ दुखतेय, बाळ कालपासून हललं नाही.’’ माझाच आवाज कापरा झाला. रेकीवरून आल्यावर पाहिलं तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही, ही आपली सवय तिथं कामी आली. पुढचं सांगत नाही, दुभाष्यानं ते पोटात ठेवायचं असतं.

काँगोत सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलास, त्यामुळे तिथला पोलिस दाखलाही मागतील. त्याला वेळ जातो, आत्ताच लाग. फॉर्मवर सैन्यसेवेचे रकाने आहेत, ते टाळू नकोस. काय लिहायचं यावर अडलास तर आधी रेकॉर्ड ऑफिसला विचार. बायोडेटात मात्र ऑपरेशनचा एक शब्द नको, 1923 चा गुपितांचा कायदा निवृत्तीनंतरही सुटत नाही.

पेन्शन एनआरओ (परदेशात राहणाऱ्यांच्या भारतातल्या) खात्यात येते, स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलवर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, इथं नाही, वहिनींना हे आधीच सांग.

टीईएफची तारीख मिळाली की कळव. लिहिलेल्या पानांचे फोटो पाठव, मी तपासून देतो.