बॉबी नाचला, पण गायलं कोणी? जुन्या इंग्रजी गाण्यांच्या वेड्यांना उत्तरं

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं की जुन्या इंग्रजी गाण्यांबद्दल काहीही विचारा, आणि पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप, सगळीकडून इतकं काही आलंय की विचारू नका. निम्म्या पत्रांत प्रश्नच नाहीये, नुसत्या आठवणी आहेत, आणि उरलेल्यांत भांडणं आहेत, नवरा-बायकोची, भावाभावांची, शेजाऱ्यांची. मला ही सगळी माणसं फार आवडली. गाण्यातला एक शब्द धड कळत नव्हता आणि तरी अख्खं गाणं पाठ होतं, रिकाम्या कॅसेटसाठी पैसे साठवून दुकानातून गाणी भरून घ्यायची, यादी सुवाच्य अक्षरात लिहून द्यायची आणि दुकानदार हमखास एक गाणं चुकीचं भरायचा, मग तेच गाणं पुढे सगळ्यात लाडकं व्हायचं. अशा लोकांची ही पत्रं. जमतील तेवढी घेतली आहेत.

आमचे हे कॉलेजात असल्यापासून बोनी एम या डिस्को ग्रुपचे भक्त. गॅदरिंगला त्यातल्या बॉबी फॅरेलसारखा रेकॉर्ड डान्स करायचे, छातीपर्यंत बटणं उघडी टाकून, फोटो आहे घरात. परवा मुलीने मोबाईलवर दाखवलं की बॉबी गातच नव्हता, नुसते ओठ हलवायचा. तेव्हापासून हे गप्प आहेत, जेवतानाही बोलत नाहीत. हे खरं आहे का? आणि असेल तर यांची समजूत कशी काढू?
एक वाचक, सोलापूर

ताई, खरं आहे हो. पण पूर्ण ऐका आणि त्यांनाही शेजारी बसवून वाचून दाखवा. बोनी एम म्हणजे मुळात फ्रँक फारियान नावाचा एक जर्मन निर्माता. त्याने १९७५ साली स्टुडिओत एकट्यानेच एक गाणं केलं, जाड आवाजही त्याचाच आणि बारीक आवाजही त्याचाच. ते चालायला लागलं तसं टीव्हीवर दाखवायला माणसं पाहिजेत ना, म्हणून त्याने मंडळी जमवली. त्यातल्या लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट या दोघी खरंच गायच्या. मेझी विल्यम्स आणि बॉबी यांचा आवाज त्या गाजलेल्या रेकॉर्डवर नाही, तो खर्जातला पुरुषी आवाज म्हणजे फारियान स्वतः.

आता मुद्द्याचं. तुमच्या ह्यांनी गॅदरिंगला काय केलं? नाच केला. रेकॉर्ड लावली होती आणि हे नाचले, म्हणजे बॉबी जे करायचा तेच केलं. आणि ते नाचणं शंभर टक्के बॉबीचं होतं, त्यात कुठेच फसवणूक नाही. तो अरूबा बेटावरचा पोरगा स्टेजवर अंगात आल्यासारखा नाचायचा म्हणून तर ती गाणी घराघरांत पोचली, नाहीतर फारियानला कोण बघायला गेलं असतं! म्हणजे ह्यांनी नक्कल केली ती अस्सल गोष्टीची. हे मी नुसती समजूत घालायला म्हणत नाहीये, मला मनापासून तसंच वाटतं.

अजून एक सांगा त्यांना. रशियाच्या झारच्या दरबारातल्या रासपुतिन या साधूवरचं बोनी एमचं ते गाणं १९७८ चं. रासपुतिनला सेंट पीटर्सबर्गमध्ये मारलं ती तारीख आजच्या कॅलेंडरप्रमाणे ३० डिसेंबर १९१६. आणि बॉबी गेला तो २०१० साली, त्याच शहरात, तारीख ३० डिसेंबर, आदल्या दिवशीच कार्यक्रम करून. म्हणजे वयाच्या एकसष्टाव्या वर्षीही माणूस नाचतच होता. हे ऐकून बोलतील ते, जेवतीलही.

मी आणि माझा थोरला भाऊ, दोघेही साठीपुढचे. तो म्हणतो 'हरि ओम हरि' हे आपल्या बप्पीदांचं गाणं गोऱ्यांनी चोरून 'वन वे टिकेट' केलं. मी म्हणतो उलटं आहे. हरणाऱ्याने मिसळ द्यायची ठरलंय. निकाल द्या.
धाकटा, कोल्हापूर

मिसळ दादांनी द्यायची. इरप्शन या ग्रुपचं 'वन वे टिकेट' आलं १९७९ ला, आणि आपल्याकडे 'प्यारा दुश्मन' मध्ये उषा उत्थुप यांनी 'हरि ओम हरि' गायलं १९८० ला. पण थांबा, तुम्हीही लगेच कॉलर ताठ करू नका, कारण इरप्शनचंही ते स्वतःचं नव्हतं. नील सेडाका याने १९५९ मध्येच ते गायलं होतं, 'ओह कॅरोल' च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला. आणि इरप्शनचा निर्माता कोण माहितीये? तोच, सोलापूरच्या काकांना गप्प करणारा फ्रँक फारियान. हा माणूस सगळीकडे निघतो.

उचलाउचलीचा विषय निघालाच आहे तर घ्या अजून. 'हम किसीसे कम नहीं' (१९७७) मधलं 'मिल गया हमको साथी' हे अ‍ॅबाच्या 'मामा मिया' वरून. 'भूत बंगला' (१९६५) मधलं ट्विस्ट हे चबी चेकरवरून. 'डान्स डान्स' (१९८७) मधलं 'झूबी झूबी' हे मॉडर्न टॉकिंगच्या 'ब्रदर लुई' वरून, ते तर वर्षभरच जुनं होतं, म्हणजे गरम गरमच उचललं. माझं मत विचाराल तर मूळ संगीतकाराचं नाव पडद्यावर यायलाच हवं होतं, ते आलं नाही ही चूक आणि त्याला पांघरूण घालायचं कारण नाही. पण उषाताईंचा आवाज कोणाकडून उचललेला नाही. तो खणखणीत, जाडा, लग्नाच्या मांडवात माइकशिवाय ऐकू जाईल असा आवाज त्यांचाच. इरप्शनच्या प्रेशस विल्सनचा आवाजही भारी आहे, दोन्ही पाठोपाठ लावून ऐका, मिसळ खाताखाता. आणि दादांकडून कट जास्तीचा मागा.

ब्रायन अ‍ॅडम्सने १९६९ च्या उन्हाळ्याचं एवढं वर्णन केलंय, तेव्हा त्याचं वय काय होतं? ऑफिसात वाद आहे.
एक वाचक, नाशिक

नऊ. जन्म ५ नोव्हेंबर १९५९. 'समर ऑफ '६९' हे गाणं १९८४ च्या अल्बममधलं, जिम व्हॅलन्सबरोबर लिहिलेलं, आणि आधी त्याचं नाव वेगळंच होतं, आयुष्यातले सगळ्यात छान दिवस अशा अर्थाचं. तेव्हा नऊ वर्षांच्या पोराने स्वस्तातल्या दुकानातून गिटार कशी घेतली, बँड कसा काढला, असले हिशेब करत बसू नका. आमच्याकडे ज्यांचा जन्म १९८० चा आहे ते पण हे गाणं लागलं की डोळे मिटून '६९ आठवतात.

फ्रेडी मर्क्युरी खरंच पाचगणीला शिकला का? आम्ही दरवर्षी महाबळेश्वरला जातो, स्ट्रॉबेरी खातो आणि परत येतो. माझा मुलगा म्हणतो की बाबा, तुम्ही क्वीनचे एवढे फॅन आणि वाटेत गाडी थांबवत नाही, हे पाप आहे.
एक वाचक, सातारा

मुलगा बरोबर बोलतोय! तुम्ही साताऱ्यात राहून हे विचारताय म्हणजे हद्द झाली. क्वीन बँडच्या या गायकाचं मूळ नाव फारोख बलसारा, जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांजिबार, पारशी कुटुंब. १९५५ च्या सुमाराला त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत घातलं, बोर्डिंगमध्ये. आठ-नऊ वर्षांचं पोर, आईवडील समुद्रापलीकडे. तिथे तो पियानो शिकला, तिथेच त्याचं फ्रेडी हे नाव पडलं, आणि तिथेच पाच मुलांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड यांची गाणी वाजवायचे. आणि गंमत म्हणजे या बँडमध्ये फ्रेडी मुख्य गायक नव्हताच, तो पियानोवर. त्या पाच जणांतला एक पुढे इंग्लंडात नट झाला आणि एकाने पुण्यात सिझलरचं हॉटेल चालवलं, तेव्हा ज्या पुणेकरांनी तिथे सिझलर खाल्लाय त्यांनी फ्रेडीच्या बँडमेटच्या हातचं खाल्लंय.

मला सगळ्यात जास्त काय भिडतं सांगू? हा मुलगा टेबललँडच्या वाऱ्यात वाढला, शाळेच्या हॉलमध्ये मुलांसमोर वाजवत होता, आणि १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात सत्तर हजारांच्या वर माणसं त्याने नुसत्या आवाजावर खेळवली, तो एक सूर लावतो आणि अख्खं स्टेडियम तोच सूर परत देतं, साधारण वीस मिनिटांचा सगळा कार्यक्रम. ते बघताना मी अजूनही उभी राहते, घरात एकटी असले तरी. क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पावणेसहा मिनिटांच्या वर लांब म्हणून रेडिओवर कोणी लावणार नाही असं सांगितलेलं लोकांनी, आणि ते १९७५-७६ मध्ये ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे एक नंबरला होतं, तो गेल्यावर १९९१ मध्ये परत एक नंबरला गेलं. मधे 'बिस्मिल्ला' आलं की आपल्याकडची पोरं एकदम टवकारायची, अरे हे तर कळलं!

गाडी थांबवाच. पण ती चालू शाळा आहे, मुलं राहतात तिथे, तेव्हा परवानगीशिवाय आत घुसायचं नाही आणि फाटकावर चढून फोटो काढायचे नाहीत. बाहेर उभं राहून, गाडीत गाणं लावून, खिडक्या उघड्या ठेवून ऐका. स्ट्रॉबेरी नंतर.

वरच्या मजल्यावरचा मुलगा रोज संध्याकाळी 'हॉटेल कॅलिफोर्निया' ची सुरुवात वाजवतो. फक्त सुरुवात. पुढे जातच नाही. मला गाणं आवडतं हो, म्हणून तर त्रास होतो. सोसायटीत तक्रार करू का?
एक वाचक, ठाणे

अजिबात नको. त्याला वर जाऊन एवढंच विचारा की कॅपो (गिटारच्या दांडीवर तारा दाबून धरणारा चिमटा) कुठे लावतोस. सातव्या पट्टीवर लावला तर ती सुरुवात मूळ रेकॉर्डसारखी वाजते, नाहीतर कितीही घासली तरी काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं आणि बिचारा परत पहिल्यापासून सुरू करतो. कदाचित तेवढंच अडलं असेल त्याचं. दुसरं, त्या गाण्याचा शेवटचा जो गिटारचा भाग आहे तो डॉन फेल्डर आणि जो वॉल्श या दोघांनी मिळून वाजवलाय, आलटून पालटून आणि मग एकत्र. एकट्याने तो पूर्ण होत नाही. तेव्हा त्याला बिल्डिंगमध्ये दुसरा गिटारवाला शोधून द्या.

आणि शेजाऱ्यांच्या आवाजाचंच म्हणाल तर हे गाणं ज्यांचं तो ईगल्स बँड मायामीच्या स्टुडिओत हा अल्बम करत होता तेव्हा शेजारच्या खोलीत ब्लॅक सबाथ हा दणदणीत आवाजाचा बँड रेकॉर्डिंग करत होता, आणि त्यांचा आवाज भिंतीतून इतका यायचा की ईगल्सना कितीदा तरी काम थांबवावं लागलं. तुमच्या डोक्यावर ब्लॅक सबाथ नाहीये हे लक्षात घ्या.

ऑफिसात प्रथमोपचाराचं ट्रेनिंग झालं, त्यात छाती दाबताना बी जीजचं 'स्टेइन अलाइव्ह' मनात म्हणा असं सांगितलं. आमच्या काळी याच गाण्यावर पँटचे पाय फडकवत नाचायचो. चेष्टा होती का ही?
एक वाचक, चिंचवड

चेष्टा नाही, खरंच शिकवतात. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची असते आणि या गाण्याचा ठेका मिनिटाला १०३-१०४ च्या आसपास आहे. तो इतका एकसारखा का, त्याचंही कारण आहे: १९७७ ला हे गाणं करताना त्यांचा ड्रमर घरच्या आजारपणामुळे नव्हता, म्हणून 'नाइट फीव्हर' या दुसऱ्या गाण्यातला ड्रमचा छोटासा तुकडा टेपवर कापून, गोल जोडून, तोच फिरवत ठेवला. श्रेयनामावलीत मात्र ड्रमर म्हणून बर्नार्ड लूप असं नाव टाकलं, आणि मग लोक या लूपसाहेबांना शोधत फिरायला लागले, आम्हाला पण हाच ड्रमर पाहिजे म्हणून! ट्रेनिंग मात्र पूर्ण करा, नुसतं गाणं पाठ असून भागत नाही.

वडील गेल्यावर त्यांच्या कपाटात माझी कॉलेजातली कॅसेट सापडली. त्यावर मी अ‍ॅबा आणि बोनी एम भरून घेतलं होतं. वडिलांनी त्यावर रेडिओवरून भीमसेनजींचे अभंग टेप केलेत. शेवटी अभंग संपतो, खट्ट आवाज येतो आणि अर्धं 'डॅडी कूल' लागतं. खालची गाणी परत मिळवता येतील का?
एक वाचक, मिरज

नाही येणार. रेकॉर्डिंग करताना फीत आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते आणि मग रेकॉर्ड करणाऱ्या हेडवरून, त्यामुळे आधीचं त्याच वेळी जातं. तुम्ही वरच्या कडेच्या खिट्ट्या तोडल्या होत्या का बघा. तोडल्या असतील आणि भोकांवर सेलोटेप असेल तर ती वडिलांनी मुद्दाम लावलीय, कारण त्याशिवाय त्यांना रेकॉर्डचं बटण दाबताच आलं नसतं. म्हणजे पूर्ण विचार करून केलेलं काम आहे ते!

पण मला विचाराल तर तुमच्याकडे आता जी कॅसेट आहे ती दुकानातून भरून आणलेल्या कॅसेटपेक्षा कितीतरी मोलाची आहे. अ‍ॅबा कुठेही मिळेल. अभंग, तो खट्ट आवाज, म्हणजे वडिलांचं बोट, आणि मागोमाग 'डॅडी कूल', हे जगात फक्त तुमच्याकडे आहे. तेव्हा आधी ती वाचवा. लगेच वाजवू नका. आधी बघा, फितीवर पांढरी बुरशी दिसते का, आणि मधली ती छोटी स्पंजची किंवा नमद्याची गादी जागेवर आहे का. ती बहुतेक वेळा सुटून पडलेली असते आणि मग आवाज दबका येतो. कॅसेट स्क्रूची असेल तर उघडून गादी दुसऱ्या कॅसेटची लावता येते, चिकटवलेली असेल तर फीतच दुसऱ्या स्क्रूवाल्या कॅसेटमध्ये घालावी लागते, आणि ते काम स्वतः न करता जुना टेप दुरुस्त करणारा गाठा. बुरशी असेल तरीही त्याच्याकडेच. सगळं ठीक असेल तर डेकचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या म्हणजे चिकटलेली फीत सुटते, आणि मग वायरने कॉम्प्युटरला जोडून एका दमात दोन्ही बाजू उतरवा, ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. खरखर काढायच्या भानगडीत पडू नका. आणि तो खट्ट आवाज कापू नका. एक प्रत भावंडांना द्या, एक पेन ड्राइव्हवर, आणि मूळ कॅसेट उभी ठेवा, टीव्ही आणि स्पीकरपासून लांब.