यंत्र कोणतेही असो, पडद्याकडे पाहा

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. एकीकडे चित्रगृहाच्या अनेक पडद्यांवर डिजिटल चित्रपट चालवणारे सर्व्हर एकाच खोलीतून सांभाळण्याची भरवशाची नोकरी आणि दुसरीकडे अजूनही ३५ मिमी फिल्म चालवणाऱ्या चित्रपट संग्रहालयातली उमेदवारी, यांतले काय निवडावे, असे तू विचारले आहेस. फिल्मचा काळ संपला असताना ती शिकण्यात वर्षे घालवावीत का, ही शंकाही मधेच घातली आहेस. मला विचारशील तर यंत्राची निवड नंतर कर. चित्र पडद्यावर पडत असताना त्याच्याकडे पाहणारा माणूस तिथे असणार आहे का, आणि ते काम तुला करू देतील का, हे आधी विचार.

फिल्मच्या काळात हे कुणाला वेगळे शिकवावे लागले नाही, कारण यंत्रच ते करून घेत असे. ३५ मिमीची फिल्म सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट धावते, आणि २००० फुटांचे रीळ वीस-बावीस मिनिटांत संपते. रीळ संपत आले की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक खूण उमटे. ती दिसताच, पुढचे रीळ चढवलेल्या दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची आणि काही सेकंदांनी दुसरी खूण दिसताच चित्र त्या यंत्रावर घ्यायचे. ती खूण जेमतेम चार चौकटी टिके, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. यंत्रे असलेल्या केबिनच्या काचेतून नजर हटली की ती हुकलीच. शिवाय गेटच्या, म्हणजे फिल्मवर उजेड पडतो त्या चौकटीच्या, वर आणि खाली फिल्मचा सैल वळसा सोडावा लागे, कारण वरचे दातेरी चक्र अखंड फिरते आणि गेटखालचे चक्र मात्र माल्टीज क्रॉस या खाचांच्या चाकामुळे थांबत थांबत फिल्म ओढते. खालचा वळसा आखडला की चित्र थरथरू लागे आणि आवाज ओठांपासून सुटे. हात बसलेल्या ऑपरेटरला यंत्राचा सूर बदललेला ऐकूनच ते कळे, पण खात्री करून घ्यायला तोही पडद्याकडेच पाही.

डिजिटलने हे मोडले, असे मी म्हणणार नाही. सगळी रिळे जोडून आडव्या थाळ्यांवर चढवण्याची प्लॅटर पद्धत आली, तेव्हाच एका माणसाकडे अनेक पडदे दिले जाऊ लागले आणि पडद्याकडे पाहणे ऐच्छिक झाले. पुढे मोठ्या स्टुडिओंनी २००२ मध्ये डिजिटल प्रदर्शनाचे निकष ठरवण्यासाठी डीसीआय ही संस्था स्थापन केली, २००५ मध्ये तिचे तांत्रिक निकष आले, आणि रिळांच्या पेट्यांऐवजी हार्ड डिस्क येऊ लागली; सोबत ठरावीक सर्व्हरवर, ठरावीक मुदतीतच चालणारी डिजिटल किल्ली. ओरखडे गेले, जोड गेले, आणि शंभरावा खेळ पहिल्याइतकाच स्वच्छ दिसू लागला. हा मोठा लाभ आहे आणि त्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांत मी नाही.

पण फाइल बिनचूक चालली म्हणजे चित्र बिनचूक दिसले, असे होत नाही. एका चित्रगृहात मी स्कोपचा, म्हणजे जास्त रुंद चौकटीचा चित्रपट फ्लॅटच्या, म्हणजे कमी रुंद चौकटीच्या लेन्स-सेटिंगवर चाललेला पाहिला. चित्र पडद्याच्या मध्यावर आक्रसलेले, वर-खाली करड्या उजेडाच्या पट्ट्या, आणि प्रेक्षक ते तसेच असते असे समजून मुकाट बसलेले. केबिनला कुलूप होते. सर्व्हरच्या नोंदीत सगळे सुरळीत होते, आणि ती नोंद खरीच होती, कारण सर्व्हरला पडदा दिसत नाही! थ्रीडीचा फिल्टर साध्या खेळाला लेन्ससमोर तसाच राहिला तर निम्म्याहून अधिक उजेड गिळतो. निकष पडद्यावर दर चौरस मीटरला ४८ कँडेला मागतात, पण तो उजेड खरोखर पडतो आहे का, हे कुणीतरी पाहावे लागते. पडद्याकडे पाहा, हे मी पुन्हा पुन्हा का म्हणतो, ते आता तरी लक्षात यावे.

मी नोकरी सोडली ती फिल्मच्या मोहापायी, असे आजही बोलले जाते. ते खरे नाही. खेळ सुरू असताना प्रेक्षागृहात जाऊन पाहण्याची गरज नाही, असे मला सांगण्यात आले, म्हणून सोडली. आज तसेच सांगितले तर आजही सोडेन. खंत आहे ती वेगळी. डिजिटल आले त्या वर्षांतला सगळा वाद फिल्मच्या कणांवर आणि रंगांवर झाला, केबिनमधल्या माणसाची बाजू कुणी मांडलीच नाही, आणि २०१३ मध्ये फुजीफिल्मने चित्रपटाच्या प्रिंटसाठी लागणारी फिल्म बनवणे थांबवले तोवर केबिन रिकाम्या झाल्या होत्या.

म्हणून दोन्ही ठिकाणी मुलाखतीत एकच विचार: खेळ सुरू झाल्यावर मी आत जाऊन फोकस, मास्किंग (पडद्याच्या कडेचे काळे कापड), उजेड आणि आवाज पाहिला, काही चुकले म्हणून खेळ थांबवला, तर चालेल का? सर्व्हरच्या नोकरीत हो म्हणाले तर ती बेलाशक घे. तिथे तुझ्या नजरेची गरज जास्त आहे. आढेवेढे घेतले तर पगाराकडे पाहू नकोस आणि संग्रहालयात जा. तिथे पहिले काही महिने प्रिंट तपासणे, फाटलेली छिद्रे दुरुस्त करणे आणि रिळे उलटी गुंडाळणे एवढेच हाती येईल. त्याला कंटाळून मला पत्र लिहू नकोस. उमेदवारीच्या अर्जाची मुदत आधी संपत असेल, तर तो आजच भरून ठेव.