"फार्मसीच का?" या प्रश्नाला घाबरणाऱ्यांसाठी

बारावीचे निकाल लागले की माझ्या जळगावच्या सेंटरवर एकच प्रश्न सुरू होतो, मॅडम, इंटरव्ह्यूत फार्मसीच का असं विचारलं तर काय सांगायचं? चोपड्याचा मुलगा असो, शिरपूरची मुलगी असो नाहीतर भुसावळहून मुलाला घेऊन आलेले वडील असोत, प्रश्न हाच. आणि त्याच्यामागे एक न बोललेलं वाक्य असतंच, की मेडिकलच्या नीट परीक्षेला मार्क कमी पडले म्हणून इकडे आलोय हो, पण हे सांगायचं कसं.

आधी एक गैरसमज काढून टाकते. राज्याच्या नेहमीच्या बी.फार्म (फार्मसीची पदवी) प्रवेशाला इंटरव्ह्यू नसतो. एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा द्यायची, कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीचा, ऑप्शन फॉर्म डोकं ठिकाणावर ठेवून भरायचा, झालं. डी.फार्म, म्हणजे डिप्लोमा, बारावी सायन्सच्या मार्कांवर. इंटरव्ह्यू येतो तो काही खासगी आणि अभिमत विद्यापीठांत, परदेशातल्या फार्मसी कॉलेजांत, किंवा पुढे नायपर मोहाली या केंद्र सरकारच्या फार्मसी संस्थेतल्या एमबीए फार्मसारख्या कोर्सला, तिथे ग्रुप डिस्कशनही असतं. मागे एका काकांनी पोराला कॅपसाठी ब्लेझर शिवून घेतला होता, लग्नात वापरला म्हणे नंतर.

तर आता एका मुलीची गोष्ट. अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातली (ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). वडलांची कापसाची शेती, मामांचं मेडिकलचं दुकान, नीट दोनदा दिलेली आणि दोन्ही वेळा नंबर न लागलेली. एका अभिमत विद्यापीठाचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आठवड्या-दीड आठवड्यावर आलेला आणि झोप उडालेली. सोबत वही, त्यात यूट्यूबवरून उतरवलेली उत्तरं, वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी. मी म्हटलं वाच. तिने एका दमात म्हणून दाखवलं, आय वाँट टू सर्व्ह ह्युमॅनिटी.

"ह्युमॅनिटी म्हणजे कोण गं? एक माणूस सांग."

गप्प. मग डोळे भरले. "मॅडम, खरं सांगू का, मला फार्मसी नकोच होती. ते विचारतील मेडिकलला का नाही गेलीस, मग?"

"का नाही गेलीस?"

"नंबर नाही लागला."

"मग हेच सांग ना."

"असं सांगितल्यावर घेतील का ते?"

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसतज्ज्ञाच्या विचारांची, इतक्या वर्षांत तो धागा काही सोडला नाही. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याबद्दल आपण स्वतःला काय ऐकवत बसतो ते जास्त छळतं, यावर माझा विश्वास. ही मुलगी स्वतःला ऐकवत होती की फार्मसी पहिल्यापासूनच आवडायला हवी होती, नाहीतर मी खोटी. इंटरव्ह्यूची भीती वरवरची, आत लपवालपवी होती, आणि लपवणाऱ्या माणसाला कितीही तयारी करून घ्या, घाम फुटणारच.

मी विचारलं, "तुझ्या मामांनी मामीला पाहिलं, ती पहिलीच मुलगी होती का गं?"

ती हसली. "नाही, आधी धुळ्याला आणि पारोळ्याला पाहून आले होते. धुळ्याच्यांनी नकार दिला."

"मग संसार खोटा झाला का त्यांचा?"

त्या दिवशी एवढंच झालं. वही मी ठेवून घेतली.

पुढच्या वेळी मी फक्त दुकानाबद्दल विचारत राहिले. सुट्टीत ती मामांकडे बसायची. काय करायचीस? काही नाही, गोळ्यांची खोकी लावायची, एक्स्पायरी जवळ आलेला माल बाजूला काढायची, एच-वनचं रजिस्टर लिहायची. हे ती "काही नाही"मध्ये टाकत होती! शेड्यूल एच-वनची औषधं, म्हणजे काही अँटिबायोटिक्स, टीबीची आणि सवय लागणारी काही औषधं, विकली की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं हे सगळं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपायचं असतं, २०१४ पासूनचा नियम आहे. बारावीच्या किती मुलांना हे रजिस्टर नुसतं दिसायला तरी कसं असतं ते माहीत असतं, सांगा.

मग बोलता बोलता तिने एका बाबांची गोष्ट काढली. मे महिना, आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. बाबांनी इन्सुलिन घेतलं, पिशवी मोटरसायकलच्या हँडलला अडकवली आणि बाजारात जायला निघाले. ही धावत बाहेर गेली, "बाबा, हाई औषध उनमा ठेवू नका." घरी कुठे ठेवता विचारलं तर फ्रीज नही शे, पत्र्याच्या कपाटात ठेवतो. तिने मामांना हाक मारली. मामांनी बाबांना आत बसवलं, बाजार होईपर्यंत इन्सुलिन दुकानाच्या फ्रीजमध्ये ठेवलं, घरी झाकणाच्या डब्यात घालून माठाशी ओल्या फडक्यात ठेवायला सांगितलं, आणि दुसऱ्या वेळेला ही मुलगीच आठवणीने विचारायला गेली की शुगर कशीये.

"काय म्हणाले?"

"म्हणाले इंजेक्शन घेऊनसुद्धा साखर उतरत नव्हती आधी, आता बरी आहे."

"म्हणजे उन्हाने इन्सुलिन बिघडलं होतं?"

इथे ती थांबली, आणि मला ते थांबणं फार आवडलं. "ते मला नाही सांगता येणार मॅडम. डॉक्टरांनी डोसपण बदलला होता. पण न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं असतं, आणि कपाटात तर चाळीसच्या वर असेल. मामांनी त्यांना ते डॉक्टरांना सांगायला लावलं."

मी पेन खाली ठेवला. म्हटलं, झाली तुझी तयारी. तिला वाटलं मी चेष्टा करतेय! पण त्या तीन-चार वाक्यांत सगळं होतं, माणूस दिसला, जे माहीत ते सांगितलं, जे माहीत नाही तिथे फुशारकी मारली नाही, आणि आपल्या हातातलं नाही ते डॉक्टरकडे पाठवलं. फार्मासिस्टचं काम याहून वेगळं काय असतं? २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये पेशंटला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच धरलंय, पण काउंटरवर ते होतं कुठे. या पोरीने ते पाहिलं होतं आणि तिलाच पत्ता नव्हता. माझं कौशल्य म्हणाल तर एवढंच, की मी मध्ये बोलले नाही (आणि मला ते जड जातं, घरचे सांगतील).

आता यातलं तुमच्या उपयोगाचं सांगते. नीटचं विचारलं की दोन वाक्यांत खरं सांगून मोकळं व्हा, नंबर लागला नाही, वाईट वाटलं, आणि लगेच त्यानंतर काय पाहिलं त्यावर या. रडगाणंही नको आणि "माझं लहानपणापासूनचं स्वप्न"पण नको, समोरचे लोक वर्षानुवर्षं ते ऐकून कंटाळलेले असतात. मामाचं मेडिकल नसेल तर गावातल्या मेडिकलवाल्याला विचारून अर्धा दिवस कोपऱ्यात बसा, आजीच्या गोळ्यांचा डबा उघडून बघा, लहान भावाच्या ड्राय सिरपच्या बाटलीत घरचे खुणेपर्यंत पाणी घालतात की अंदाजाने ते बघा.

एक मात्र जपा. "मी दुकानात औषधं द्यायचे" असं उत्साहाच्या भरात बोलू नका. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरची औषधं देणं हे नोंदणी असलेल्या फार्मासिस्टचंच काम. पॅनेलवरचे सर तिथेच पकडतील. जे केलं तेवढंच सांगा, खोकी लावली तर खोकी लावली.

ओळखीचा गिऱ्हाईक चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागतोय, काय कराल, असलं काहीतरी हमखास येतं. नाही देणार, हे उत्तर बरोबरच, पण अर्धं. त्या माणसाला झोप का येत नाही हे विचारणार का, डॉक्टरकडे कसं पाठवणार, हे ऐकायचं असतं त्यांना.

इंग्रजीचं टेन्शन मराठी मीडियमच्या सगळ्यांनाच असतं. हिला मी इन्सुलिनची गोष्ट आधी अहिराणीत सांगायला लावली, मग मराठीत, मग साध्या छोट्या इंग्रजी वाक्यांत. गोष्ट स्वतःची असली की व्याकरण चुकलं तरी माणूस अडत नाही. इंटरव्ह्यूत तिला स्टोरेज टेम्परेचरवरच पुढचे प्रश्न विचारले म्हणे, आणि फ्रीजरमध्ये का ठेवायचं नाही हे तिला आलं, गोठलं की खराब होतं, मग परत वापरायचं नाही. ॲडमिशन झालं.

आणि पालकांनो, ऑनलाइन इंटरव्ह्यूच्या वेळी खोलीत बसू नका. या मुलीच्या काकांनी पलंगाखाली लपून उत्तरं सांगायचा प्लॅन केला होता, मी फोन करून त्यांना शेतावर पाठवायला लावलं. त्यापेक्षा लाइट जाईल म्हणून दुसरा मोबाइल चार्ज करून हॉटस्पॉट चालू ठेवा, तेवढी मदत खूप झाली.