पाळी लांबतेय, वय मात्र ३८

प्रश्न : डॉक्टरताई, माझी पाळी कायम २८ दिवसांनी यायची. गेल्या वर्षी ती २२-२३ दिवसांवर आली, मग लांबत गेली आणि चार महिने आलीच नाही. गरोदर नव्हते. डॉक्टरांनी पाळी यायच्या गोळ्या दिल्या, पाळी आली, ‘सगळं ठीक आहे, टेन्शन घेऊ नका’ म्हणाले. त्यानंतर पुन्हा पत्ता नाही. रात्री छातीतून चेहऱ्यापर्यंत वाफा येतात, घामानं कपडे भिजतात, झोप तुटते. मुलांवर खेकसते आणि मग रडत बसते. आईची पाळी ४१व्या वर्षी गेली होती. माझीही जातेय का? धाकटी बहीण ३३ची आहे, तिला अजून मूल नाही. तिला सांगू, की उगाच घाबरवल्यासारखं होईल?

उत्तर : आईबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण माझ्या दृष्टीनं तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. आईची किंवा बहिणीची पाळी लवकर गेली असेल, तर आपलीही तशी जाण्याची शक्यता वाढते. त्यात तुमचा क्रम अगदी ओळखीचा आहे : आधी पाळी जवळ येते, मग चुकते, मग वाफा, घाम, तुटलेली झोप. ४५च्या आत पाळी कायमची थांबली तर ती लवकर आलेली रजोनिवृत्ती. ४०च्या आत अंडाशयांचं काम मंदावलं तर डॉक्टर त्याला पीओआय म्हणतात. तुम्हाला तेच आहे असं मी पत्रावरून म्हणणार नाही, पण ‘टेन्शन’ म्हणून सोडून द्यायचं हे प्रकरण नाही.

गोळ्यांनी पाळी आली म्हणून सगळं ठीक, हे मला मुळीच पटत नाही. त्या गोळ्या थांबवल्या की रक्तस्राव होतो, एवढंच. अंडाशय नीट चालतात याचा तो पुरावा नव्हे. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांचंही तसंच. दर महिन्याला पाळी दिसत राहते आणि आत काय चाललंय ते कळतच नाही.

आता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि रक्तातली एफएसएच (अंडाशयांना कामाला लावणारं हार्मोन), इस्ट्रॅडिओल (अंडाशयांत तयार होणारं मुख्य हार्मोन), थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (अंगावरच्या दुधाचं हार्मोन) तपासून मागा. गर्भचाचणीही पुन्हा करा. थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिन बिघडलं तरी पाळी चुकते, आणि त्यावर उपचार सोपे आहेत. एफएसएच २५च्या वर आलं तर बहुतेक वेळा चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा बघतात. जाताना गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा लिहून न्या. अंडाशयावर शस्त्रक्रिया, केमोथेरपी, घरात कुणाला थायरॉइडचा त्रास, धूम्रपान, यातलं काही असेल तर तेही सांगा. पुष्कळदा कारण सापडतच नाही. तुमचं काही चुकलं, असा त्याचा अर्थ नाही.

निदान झालंच, तर ‘निसर्गाचं आहे, सोसायचं’ हे ऐकून घेऊ नका. या वयात इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयांतलं स्त्री-हार्मोन, कमी पडलं की हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून हार्मोन बाहेरून देतात, साधारण पन्नाशीपर्यंत. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर निर्णय वेगळा. हार्मोनच्या नावानं अनेक जणी घाबरतात, पण अडतिशीत आपण शरीराला हक्काचं असलेलंच परत देत असतो. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणीही करून घ्या. आणि दिवस जायला नको असतील तर गर्भनिरोधन चालू ठेवा. पीओआयमध्येही अधूनमधून बीज सुटतं, आणि हार्मोनचे हे उपचार गर्भनिरोधक नसतात.

मुलांवर खेकसण्याबद्दल तुम्ही इतकं ओशाळून लिहिलंय. झोप नाही आणि हार्मोन खाली, अशात चिडचिड होतेच. नवऱ्याला आणि मोठ्या मुलांना हे स्पष्ट सांगा.

बहिणीलाही सांगा, तुमचा रिपोर्ट हातात येताच. मूल हवं असेल तर तिनं आत्ताच डॉक्टरांशी बोलावं. रक्तातलं एएमएच हे हार्मोन तपासून किती बीजं उरलीत याचा अंदाज घेता येतो, मात्र तेवढ्या एका आकड्यावर काही ठरवू नये. बीजं गोठवायची असतील तर तेही लवकर केलेलं बरं. ती थोडी घाबरेल, पण तिच्या हातात आज जो वेळ आहे, तो तिला माहीत असायला हवा.